सुगरणीचे घरटे आणि पुस्तक

आमच्या शाळेत वाचनालयाचे एकच कपाट होते आणि ते फक्त शनिवारी उघडत असे. गोष्टींच्या पुस्तकांवर मुलांची झुंबड उडे. सृष्टिविषयक पुस्तके मात्र वरच्या फळीवर धूळ खात पडलेली असत. त्यांतील एक पुस्तक एकदा माझ्या वाट्याला आले, तेही मला हवे असलेले पुस्तक दुसऱ्या मुलाने आधीच पळविले म्हणून. त्यात सुगरण पक्ष्याचे एक सुबक चित्र होते. त्याखाली लिहिले होते, की ही गुणी पक्षीण आपल्या पिलांसाठी अहोरात्र खपून घरटे विणते आणि अंधार पडला की ओल्या मातीत काजवे चिकटवून घरात दिवे लावते! ते वर्णन मला इतके आवडले की मी ते पाठ केले, पुढे निबंधात लिहिले, आणि त्याबद्दल गुरुजींची शाबासकीही मिळविली.

त्या वर्णनातील पहिली गोष्ट चुकीची होती आणि दुसरीला कसलाही आधार नव्हता, हे कळावयास मला पुष्कळ वर्षे लागली. आश्चर्य हे, की आमच्या गावाबाहेरच्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीला दर पावसाळ्यात सुगरणीची दहा-वीस घरटी लोंबत असत. मी त्या वाटेने रोज जात असे. परंतु पुस्तकाने सर्व काही सांगून टाकले होते. मग झाडाकडे पाहावयाचे कशाला?

खरी हकीकत अशी आहे. सुगरण हे नाव स्त्रीलिंगी असले तरी घरटे विणणारा असतो तो नर. पावसाळ्याच्या सुमारास त्याचे डोके पिवळेधमक होते. गवताच्या किंवा ताडामाडाच्या पात्यांच्या लांब चिरफळ्या तो चोचीने काढून आणतो आणि त्यांच्या गाठी मारीत, वीण घालीत घरटे लोंबते करतो. घरटे अर्धे झाले, म्हणजे उलट्या शिरस्त्राणासारखे दिसू लागले, की माद्या ते पाहावयास येतात. त्या येताच सगळे नर पंख फडफडवून एकच कलकलाट करतात. मादी आत शिरते, वीण ओढून पाहते, इकडेतिकडे चोच मारते. घर पसंत पडले तर ती तेथे राहते व नर उरलेले काम पुरे करतो. नापसंत झाले तर ते अर्धवट घरटे तसेच लोंबत राहते. एवढ्यावर गोष्ट संपत नाही. पहिली मादी अंड्यांवर बसली की हा कारागीर शेजारी दुसरे घरटे विणावयास घेतो, आणि तेही दुसऱ्या मादीला दाखवितो.

ही माहिती कोणी आरामखुर्चीत बसून रचलेली नाही. सलीम अली या थोर पक्षिशास्त्रज्ञांनी अलिबागजवळील किहीम या समुद्रकाठच्या गावी सुगरणींच्या एका वसाहतीवर दिवसेंदिवस पाळत ठेवली, कोणते घरटे कोणत्या दिवशी कोठवर आले याच्या नोंदी केल्या, आणि १९३० च्या सुमारास आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यापूर्वीही लोक सुगरणीची घरटी हजारो वर्षे पाहत होते. पण एकच झाड, तेच पक्षी, असे चिकाटीने कोण पाहत बसणार?

सलीम अलींना या वाटेला लावण्यात पुस्तकांचाही वाटा होता. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही निराळी चिमणी कोणती, हे मामांनाही सांगता येईना. म्हणून ती घेऊन मुलगा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. ही संस्था १८८३ साली स्थापन झालेली. तेथील चिटणीस मिलर्ड साहेबांनी त्या पोराला हाकलून दिले नाही. चिमणी ओळखून दिली, पेंढा भरून ठेवलेले कितीतरी पक्षी दाखविले आणि वाचावयास पुस्तके दिली. याच मुलाने पुढे, १९४१ मध्ये, भारतातील पक्ष्यांवर रंगीत चित्रांचे पुस्तक लिहिले. ते हातात घेऊन आजही माणसे माळावर आणि तळ्याकाठी जातात.

मुलांनो, माझे मत आहे ते या ठिकाणी. विज्ञानाची पुष्कळ पुस्तके आपल्याला उत्तरे देतात. सर्वांत उंच पर्वत कोणता, सर्वांत वेगवान प्राणी कोणता, अशा प्रश्नांची शे-दोनशे उत्तरे त्यांत ओळीने मांडलेली असतात. स्पर्धेत बक्षीस मिळविण्यास ती उपयोगी पडतात हे मी नाकारीत नाही. परंतु अशा पुस्तकाला मी चांगले विज्ञानपुस्तक म्हणणार नाही. लेखकाला हे कसे कळले, कोणी पाहिले, किती वेळा पाहिले, हे ज्यात सांगितलेले नाही, त्यातले खरे आणि माझ्या काजव्यांसारखे खोटे वेगळे कसे करावयाचे?

मायकेल फॅरेडेचे उदाहरण पाहा. हा एका गरीब लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम झाली, आणि चौदाव्या वर्षी लंडनमध्ये एका पुस्तक-बांधणी करणाऱ्याकडे तो उमेदवारी करू लागला. बांधावयास आलेली पुस्तके तो वाचून काढी. त्यांत जेन मार्सेट या बाईंनी संभाषणाच्या रूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक होते. फॅरेडेने ते नुसते वाचले नाही. तुटपुंज्या पैशांत जमतील तेवढे लहान प्रयोग करून त्यातील विधाने पडताळून पाहिली. ती खरी ठरली, तेव्हाच त्याचा त्या पुस्तकावर विश्वास बसला. ज्याने पुढे १८३१ साली चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करून दाखविली, तोच हा फॅरेडे.

म्हातारपणी त्याने मुलांसाठी, नाताळच्या सुट्टीत, साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. ती १८६१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्यातला एक प्रयोग घरातील मोठ्या माणसाला जवळ बसवून तुम्हीही करा. वारा नसलेल्या जागी मेणबत्ती विझवा. वातीतून पांढुरक्या धुराची रेघ वर चढेल. पेटलेली काडी वातीला न लावता त्या धुराच्या रेघेला लावा. ज्योत धुरावरून सरसर खाली उतरेल आणि मेणबत्ती पुन्हा पेटेल! असे का झाले असावे? मेणाची वाफ होऊन तीच जळत असते, हे वाक्य मी आधी सांगितले असते तर तुम्ही मान डोलावून पुढे गेला असता.

यावर कोणी म्हणतील, मुलांना गोष्टी हव्या असतात. बोलणारी ढगुली, रडणारी नदी नसेल तर ती पुस्तक हाती धरणार नाहीत. गोष्टींशी माझे वैर नाही. मलाही त्या आवडतात, आणि कवीने पक्षिणीला गुणी म्हटले तर त्याच्याशी कोण भांडेल? पण कल्पना कल्पना म्हणून सांगावी. सुगरणीचा नर घर दाखवावयास पंख फडफडवतो, यात काजव्यांच्या दिव्यांपेक्षा गंमत कमी आहे काय? मला तर उलट वाटते. खरी हकीकत रुक्ष असते असे म्हणणाऱ्यांनी बहुधा ती कधी नीट सांगितलेली ऐकलेली नसते.

एक सावधगिरी मात्र हवी. विज्ञानाची पुस्तके जुनी होतात. तुमच्या आईवडिलांनी शाळेत नऊ ग्रह पाठ केले असतील. २००६ साली शास्त्रज्ञांनी ग्रह कशास म्हणावे ते नव्याने ठरविले, आणि प्लूटो त्या यादीतून गेला. म्हणून पुस्तक उघडले की ते कोणत्या साली छापले तेही पाहावे. पण जुने झाले म्हणून ते फेकू नका. फॅरेडेची मेणबत्ती अजूनही तशीच पेटते.

गेल्या दिवाळीनंतर मी गावी गेलो होतो. विहिरीवरच्या बाभळीखाली सुगरणीचे एक अर्धवट घरटे पडलेले सापडले. वीण सोडवून पाहिली. आत वाळलेल्या मातीचे लहान लहान लपके खरोखरच होते. काजव्यांची कथा यावरूनच निघाली असणार. घरटे वाऱ्यावर फार हेलकावू नये म्हणून ही माती लावीत असावेत, असे काहींचे मत आहे. परंतु ते अजून निश्चित ठरलेले नाही. ते घरटे मी माझ्या टेबलावर ठेवले आहे. येत्या पावसाळ्यात बाभळीपाशी बसावयाचे मी ठरविले आहे. नर माती आणतो ती केव्हा आणि कोठे लावतो, ते प्रथम वहीत लिहून ठेवीन.