सायकल, रोलर आणि शरीराचा हक्क

गेल्या महिन्यात आम्ही तिघे भाऊ साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून सायकलीने कासला गेलो. जाऊन-येऊन सुमारे 50 किलोमीटर. बऱ्याच महिन्यांत एवढी सायकल चालवली नव्हती, पण हौस दांडगी. त्या दिवशी काही वाटले नाही. दुसऱ्या दिवशी फज्रच्या नमाजमध्ये सजद्यातून उठून कअद्यात बसताना मात्र मांड्या अशा ओढल्या गेल्या की सलाम फेरल्यावर तिघेही एकमेकांकडे पाहून हसलो. अम्मींनी तिळाचे तेल गरम करायला ठेवले, धाकट्याने नवा कोरा फोम रोलर बाहेर काढला आणि तेल बरे की रोलर बरा, यावर नाश्ता होईपर्यंत वाद चालला.

आधी हे दुखणे काय, ते पाहू. पायात लॅक्टिक ॲसिड साचते म्हणून दुखते, असे बहुतेक जण सांगतात. ते खरे नाही. व्यायाम थांबल्यावर ते साधारण तासाभरात रक्तातून कमी होते. दुसऱ्या दिवशीचे दुखणे वेगळे. सवय नसलेल्या कष्टाने स्नायूंच्या तंतूंना अगदी बारीक इजा होते, मग शरीर दुरुस्तीला लागते आणि त्या काळात स्नायू हुळहुळे, ताठ होतात. हे दुखणे 24 ते 72 तासांत सर्वांत जास्त असते आणि पुढे आपोआप ओसरते.

रोलर यात काय करतो? तो गाठी फोडत नाही आणि स्नायूही सांधत नाही. दाबामुळे दुखण्याची जाणीव थोडा वेळ बोथट होते आणि सांधा जरा मोकळा हलतो. 2019 मध्ये जर्मन संशोधकांनी 21 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा रोलरचा फायदा थोडाच दिसला. दुखणे किंचित कमी, लवचीकपणा थोडा जास्त, एवढेच. म्हणजे चमत्कार नाही, पण निरुपयोगीही नाही. अम्मींच्या तेलाबद्दलही आम्ही एवढेच म्हणू. खरी दुरुस्ती झोप, पोटभर सकस जेवण, पाणी आणि दुसऱ्या दिवशी सपाट रस्त्यावर 20-30 मिनिटे हलक्या पायाने मारलेले पेडल यांनी होते.

रोलरची एक सोय मात्र मोठी आहे. दुसऱ्याचा हात लागत नाही. आमच्या बहिणी, भाचीही आता सायकल चालवतात. दार लावून, परदा सांभाळून त्या स्वतःच्या पायांची काळजी स्वतः घेऊ शकतात.

पद्धत अशी. सायकलवरून उतरून श्वास शांत झाल्यावर सतरंजीवर बसा. पहिला रोलर मऊच घ्या. मांडीच्या पुढच्या भागासाठी पालथे झोपून रोलर मांडीखाली ठेवा आणि कोपरांवर भार घेऊन सावकाश पुढे-मागे सरका. मांडीची मागची बाजू आणि पोटरीसाठी बसून, हात मागे टेकवून तसेच करा. बैठकीच्या स्नायूंसाठी रोलरवर बसून एका बाजूला कला. प्रत्येक भागाला 30 ते 60 सेकंद पुरेत. हुळहुळ्या जागी 20 सेकंद थांबून श्वास घ्या. दुखणे सहन होईल इतपतच असावे. दात-ओठ खावे लागत असतील तर दाब जास्त झाला. गुडघ्याची मागची खळगी, हाडे आणि कंबर यांवर रोलर फिरवू नका.

रोलर नसेल तर खुर्चीवर बसून पोटरीवर लाटणे हलके फिरवा (अम्मींच्या हुकमाने आमच्याकडे त्यासाठी जुने लाटणे वेगळे ठेवले आहे). तळपायाखाली टेनिसचा चेंडूही चालतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ती गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमचे मामू रात्रभराचा बसप्रवास करून आले आणि एका पोटरीत दुखते म्हणू लागले. आम्ही दोघे भाऊ मालिश करायला बसलो. पोटरी सुजलेली होती, दुसरीपेक्षा गरमही लागत होती. आम्हाला वाटले, आखडली असेल. खालाजान तेवढ्यात आल्या, त्यांनी पाय पाहिला आणि आमचे हात बाजूला केले. दवाखान्यात तपासणी झाली तेव्हा शिरेत रक्ताची गाठ निघाली. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतले असते. मामू बरे झाले, अल्हम्दुलिल्लाह. पण ‘दुखतंय ना, मग दाब’ ही आपल्या घरोघरची सवय किती महागात पडू शकते, ते त्या दिवशी कळले.

म्हणून लक्षात ठेवा. सायकलचे दुखणे बहुधा दोन्ही पायांत असते आणि दिवसागणिक कमी होते. एकच पाय सुजला, गरम किंवा लाल झाला तर रोलर नाही, तेल नाही, सरळ डॉक्टर. सोबत दम लागला किंवा छातीत दुखले तर क्षणही घालवू नका. मोठ्या कष्टानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तरी लगेच रुग्णालय गाठा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारे, पायांच्या शिरा फुगलेले, मधुमेहाने पाय बधिर झालेले आणि गरोदर भगिनी यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) दिवसा सतत रोजे आणि रात्रभर नमाज असे करत, तेव्हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांना शरीराचाही हक्क असल्याची आठवण करून दिली. इबादतीतही शरीराचा हक्क राखायचा, तर सायकलच्या हौसेत तो विसरून कसे चालेल? पुढच्या वेळी आम्ही कासला थेट जाणार नाही. आधी महिनाभर थोडे-थोडे अंतर वाढवू, मग घाट. इन्शाअल्लाह, त्यानंतरच्या फज्रला कअद्यात बसताना हसू आवरावे लागणार नाही.