नांगरट किती खोल?

बऱ्याच वर्षांपूर्वी थॅलेसीमियाच्या एका चिमुरडीला प्रत्यारोपणासाठी पाठविताना तिच्या आईने मला विचारले होते, “डॉक्टरसाहेब, ही वाचेल, पण पुढे हिला मूलबाळ होईल ना?” मी विषय टाळला. ते टाळणे आजही मनाला टोचते.

प्रत्यारोपणापूर्वी रुग्णाची अस्थिमज्जा औषधांनी रिकामी करावी लागते. यालाच आपण कंडिशनिंग म्हणतो. १९८० च्या दशकात इटलीतील पेझारो येथे डॉ. ग्विदो लुकारेल्ली यांनी बुसल्फान व सायक्लोफॉस्फमाइडच्या बळावर थॅलेसीमिया बरा करून दाखविला. हे ऋण मोठेच आहे. तथापि त्याची किंमत अनेक मुलांच्या यकृताने आणि पुढे प्रजननक्षमतेने मोजली.

रक्ताच्या कर्करोगात शेवटची दुष्ट पेशीही नष्ट करायची असते. थॅलेसीमिया वा सिकलसेलमध्ये तसा शत्रूच नसतो. नव्या पेशींना जागा मिळावी आणि शरीराने त्या नाकारू नयेत, एवढेच हवे असते. सिकलसेलमध्ये दात्याच्या पेशी एक-पंचमांशाच्या आसपास टिकल्या तरी आजार आटोक्यात राहू शकतो. मग पेरणीसाठी सारे रान जाळावे कशाला?

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९८६ साली प्रत्यारोपणास प्रारंभ झाला. तेथेच पुढे अतिजोखमीच्या थॅलेसीमिया रुग्णांसाठी ट्रिओसल्फान, थायोटेपा व फ्लुडाराबिन ही यकृतास सौम्य अशी पद्धत अवलंबिली गेली आणि परिणाम सुधारले. ट्रिओसल्फानमुळे अंडाशयास बुसल्फानपेक्षा कमी इजा होते, असे आजवरचे अनुभव सुचवितात. हमी मात्र देता येत नाही.

सौम्यतेलाही मर्यादा आहे. मात्रा फार उतरविली तर कलम नाकारले जाण्याचा धोका वाढतो. वारंवार रक्त चढविलेल्या मुलांत तो अधिकच. म्हणूनच माझे मत असे की, सौम्य उपचाराला वाव ठेवणे हे प्रत्यारोपण केंद्राआधी आपल्यासारख्या गावोगावच्या डॉक्टरांच्या हाती आहे. भावंडांची एचएलए तपासणी लवकर करावी. श्वेतपेशीविरहित रक्त द्यावे, नातलगांचे रक्त टाळावे. लोह उतरविणारी औषधे नियमित चालू ठेवावीत. यकृत वाढण्यापूर्वीच मुलाला पाठवावे. आणि अंडाशयाची ऊती गोठवून ठेवण्यासारखे पर्याय आईवडिलांना आधीच सांगावेत.

त्या माउलीचा प्रश्न रास्त होता. मूल जगविणे हा आपला धर्म खराच. पण त्याचे पुढचे आयुष्य शक्य तितके अखंड राखणे, हाही त्याच धर्माचा भाग आहे.