न दिसणारा उजेड

मॅचची शेवटची ओव्हर चालू आहे, आवाज वाढवायचाय आणि नेमका रिमोट चालेना! लगेच घरात चौकशी सुरू होते. दादा म्हणतो, ''चिंगीनंच पाडला असणार.'' चिंगी रडवेली होऊन म्हणते, ''मी हातसुद्धा लावला नाही!'' आता खरं काय ते कसं कळणार? त्यासाठी आधी रिमोटची भाषा समजून घेऊ या.

रिमोटच्या टोकाला एक इवलासा दिवा असतो. बटण दाबलं की तो लागतो, पण आपल्याला दिसत नाही, कारण त्यातून अवरक्त किरण निघतात. हे किरण शोधले विल्यम हर्शेल यांनी, १८०० साली. लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडून वेगवेगळ्या रंगांत त्यांनी तापमापी ठेवली. आणि गंमत काय, तर तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे तापमान सर्वांत जास्त भरलं!

पण उन्हातही हे किरण असतातच. मग त्या गर्दीत टीव्हीला रिमोटचा निरोप कळतो कसा? बहुतेक रिमोट आपला दिवा सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकवतात. ही त्यांची खूण. अशा लुकलुकीचे छोटे-मोठे तुकडे जोडून प्रत्येक बटणाचा वेगळा निरोप तयार होतो.

हीच युक्ती पुढे कॉम्प्युटरनेही उचलली. १९९३ साली अनेक कंपन्यांनी मिळून 'इन्फ्रारेड डेटा असोसिएशन' ही संस्था काढली आणि १९९४ मध्ये पहिले नियम ठरले. मग लॅपटॉप, प्रिंटर, मोबाइल वायरशिवाय एकमेकांशी बोलू लागले. कॉम्प्युटरची भाषा म्हणजे ० आणि १. या पद्धतीत ० साठी प्रकाशाची बारीकशी चमक, १ साठी अंधार. मात्र दोघांनी एकदम बोलायचं नाही! एक बोलतो तेव्हा दुसऱ्याने ऐकायचं. कारण स्वतःच्याच दिव्याने डोळे दिपले, तर समोरच्याचा दिवा दिसणार कसा?

सुरुवातीचा वेग होता सेकंदाला १,१५,२०० बिट. एका अक्षराला १० बिट धरा, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरं. पण २० लाख अक्षरांएवढा एक फोटो पाठवायला किती वेळ लागेल? करा भागाकार! जवळजवळ तीन मिनिटं. तोवर दोन्ही फोन मीटरभर अंतराच्या आत, समोरासमोर धरून बसायचं. म्हणूनच रेडिओलहरींवर चालणारं ब्लूटूथ आल्यावर ही पद्धत मागे पडली. पण तिचा एक गुण विसरू नका. हा उजेड भिंतीपलीकडे जात नाही, त्यामुळे खोलीतली गोष्ट खोलीतच राहते.

आता चिंगीचा निकाल. मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करा, रिमोटचा दिवा त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकेल. (दिवा डोळ्यांजवळ मात्र धरू नका.) ठिपका दिसला नाही तर घाई नको! काही कॅमेरे हे किरण अडवतात. म्हणून चांगल्या चालणाऱ्या दुसऱ्या रिमोटवर आधी कॅमेरा तपासा. तिथे ठिपका दिसतो आणि इथे नाही, तर सेल बदलून बघा. ठिपका दिसूनही टीव्ही ऐकत नसेल, तर टीव्हीसमोर काही आडवं आलंय का ते बघा.

चिंगीने हेच केलं. ठिपका झक्क चमकला! मग सगळ्यांनी टीव्हीकडे पाहिलं. रिमोटचे किरण जिथे पोचायचे, नेमकी तिथेच दादाने आपली नवी ट्रॉफी दिमाखात मांडली होती!