परोपकाराचा प्रवासखर्च

गेल्या महिन्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचे पत्र आले. मुलगी कळमनुरी तालुक्यातल्याच एका खेड्यातली. आमच्यापाशी इंग्रजी शिकून ती पदवीधर झाली, पुढे पुण्यास गेली, तेथून इंग्लंडास, आणि आज सहा वर्षे तिकडच्या एका शहरात नोकरी करून एकटी राहते. येत्या सप्टेंबरात आफ्रिकेतील किलिमांजारो पर्वत चढून जावयाचा, आणि त्या चढाईच्या निमित्ताने परिचितांकडून वर्गणी जमवून ती आपल्या शहरातील मुलांच्या इस्पितळास द्यावयाची, असा तिचा संकल्प आहे. या सत्कार्यास आमचाही हातभार लागावा, अशी तिने विनंती केली होती. आम्ही नकार दिला. हा नकार आमच्या कृपणपणाचा एक नवा दाखला म्हणून गावात फिरू लागला असल्यामुळे त्यामागची कारणे वाचकांपुढे मांडणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम पत्राविषयी. ते वाचून आम्हांस आनंद झाला नाही असे मुळीच नाही. तिच्या घराजवळ डोंगर नाही, म्हणून ती पाठपिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून कचेरीचे बारा मजले रोज दोनदा चढते. नवे बूट पायांस सरावावेत यासाठी ते घालूनच स्वयंपाक करते. रविवारी आगगाडीने पीक डिस्ट्रिक्टच्या टेकड्या गाठून पावसात पंधरा पंधरा मैल चालते. एका रविवारी धुक्यात वाट चुकून ती दोन तास एका दगडी कुंपणाच्या कडेने फिरत राहिली, आणि त्या वेळी तिला कयाधूच्या काठची, उन्हाळ्यात धुळीने पांढरी पडणारी पायवाट आठवली. परदेशात रविवार फार लांब असतो, असे तिने लिहिले आहे, आणि त्याखालीच, “चालायला लागले की आपल्याकडे असल्यासारखे वाटते, सर.” हे वाक्य आम्ही दोनदा वाचले. घरापासून दूर राहिलेल्या माणसाने एकटेपणा घालविण्यासाठी चालावे, यापेक्षा चालण्याचे अधिक सबळ कारण कोणते असू शकेल? किलिमांजारोची उंची ५,८९५ मीटर आहे. आपल्या कष्टाच्या पैशाने ती खुशाल तेथवर जावो. आमचे आशीर्वाद तिच्यापूर्वी तेथे पोहोचतील. हौस हे काही पातक नव्हे.

आमची हरकत आहे ती पत्राला जोडलेल्या छापील पत्रकास. अशा सफरी भरविणाऱ्या मंडळींचा एक ठरीव रिवाज आहे. सफरीचा खर्च एकतर ज्याचा त्याने सोसावा व जमलेली वर्गणी अखंड संस्थेस द्यावी. किंवा अमुक एक किमान रक्कम जमविण्याचे पत्करावे, म्हणजे विमानाचे भाडे, वाटाडे, तंबू, जेवणखाण हे सर्व त्या जमलेल्या रकमेतूनच भागविले जाते आणि उरेल ते इस्पितळास मिळते. आमच्या विद्यार्थिनीने दुसरा मार्ग पत्करला. आम्ही पत्रक उलटसुलट वाचले. बुटांचे तळवे कसे असावेत, झोपण्याची पिशवी किती थंडीस पुरावी, उंचीवर डोके दुखू लागल्यास काय करावे, हे सारे त्यात होते. परंतु शंभर रुपयांतील किती रुपये आजारी मुलाच्या खाटेपर्यंत पोहोचतात, तो आकडा त्यात कोठे आढळला नाही.

म्हणून आम्ही तिला कळविले की, इस्पितळास आम्ही परभारे दोन हजार रुपये पाठविले आहेत, चढाईसाठी मात्र पैही पाठविणार नाही. हे उत्तर काहीसे कोरडे झाले, हे कबूल करावयास हवे. चार दिवसांनी आठवडी बाजारात तिचे वडील भेटले. तरुणपणी हे गृहस्थ दोन-तीन हंगाम कोयता घेऊन ऊसतोडीस गेलेले. मुलीचे शिक्षण त्यांनी कसे केले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ते म्हणाले, “सर, पोरीला नाही काहून म्हनलं? म्या बी पाचशे धाडले की.” आम्हांस तेथे उत्तर सुचले नाही. त्या पाचशांत विमानाच्या तिकिटाचा वाटा किती आणि औषधाचा किती, हा प्रश्न जिभेवर आला होता. तो हळदीच्या पोत्यांमध्ये उभे राहून त्यांना विचारण्यासारखा नव्हता. पण तोच या लेखाचा विषय आहे.

आमच्या महाविद्यालयातील एका सहकाऱ्यांचा आक्षेप असा की, पायी चालणे आणि पुण्य यांची सांगड आपल्याकडे सातशे वर्षांची आहे. वारीला जे डोके लवविते त्याने किलिमांजारोस का नाक मुरडावे? आक्षेप चतुर आहे, पण टिकणारा नाही. येथून एका दिवसाच्या चालीवर नरसी आहे. तिथल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या नामदेवांनी थेट पंजाबपर्यंत पायपीट केली आणि घुमान येथे आजही त्यांचे स्मरण राखले जाते. त्या पायपिटीची वर्गणी कोणी कोणाकडे मागितल्याचे ऐकिवात नाही. आजही आमच्या भागातील म्हातारी पंढरीस निघते तेव्हा आपल्या वाट्याचे धान्य आणि पैसे दिंडीत भरते, अंथरूण-पांघरूण बांधते, म्हशीची सोय शेजारणीकडे लावते आणि चालू लागते. वाटेत गावोगावचे लोक तिला जेवू घालतात, हे खरे. परंतु ते वारकऱ्याला जेवण म्हणूनच घालतात, इस्पितळाची देणगी म्हणून नव्हे. देणाऱ्यास आपण काय देतो ते ठाऊक असते. आमचा सारा वाद एवढ्याच गोष्टीविषयी आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोकोपयोगी संस्थेसाठी परदेश फिरणे हे काही नवे नाही. ते आपल्याच थोर माणसांनी केले, आणि त्यांच्याही प्रवासास खर्च आला असेल. येथे आम्ही महर्षी कर्व्यांचेच उदाहरण घेतो, कारण या विषयास त्याहून जवळचे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. १८५८ साली जन्मलेले धोंडो केशव कर्वे वयाची सत्तरी उलटल्यावर, १९२९ साली, आपल्या महिला विद्यापीठासाठी युरोप, अमेरिका आणि जपान हिंडून आले. एवढ्याने समाधान न होता १९३० च्या अखेरीस ते आफ्रिकेस निघाले आणि केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार येथून दक्षिण आफ्रिकेपर्यंत, तेथे स्थायिक झालेल्या हिंदी लोकांच्या दारांत उभे राहिले. वाचकांनी लक्षात घ्यावे की टांगानिका म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग. किलिमांजारो तेथेच आहे. चालण्याचे म्हणाल तर कर्वे काही कच्चे नव्हते. पोरवयात एका सरकारी परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत सह्याद्री ओलांडून शंभरांवर मैल ते चार दिवसांत चालून गेले, आणि तेथे वय लहान दिसते म्हणून त्यांना परत पाठविण्यात आले. पुढे हिंगण्याचा आश्रम आणि पुण्याचे कॉलेज यांच्यामधली वाट त्यांनी वर्षानुवर्षे तुडविली. असा हा चालणारा पुरुष किलिमांजारोच्या देशात गेला तो पर्वत चढण्यासाठी नव्हे, तर दुकानांचे उंबरे चढण्यासाठी. त्या प्रवासास खर्च आला असेलच. परंतु त्यातला मुक्कामामागून मुक्काम मागण्यासाठी होता. कर्व्यांनी मागण्यासाठी प्रवास केला. आज प्रवासासाठी मागितले जाते. खर्चाच्या वहीत दोन्ही रकमा एकाच सदरात पडतील, तथापि त्यांची जात निराळी आहे.

कर्व्यांचीच आणखी एक गोष्ट आमच्या विद्यार्थिनीने विचारात घ्यावी, कारण तिचा व त्यांचा प्रश्न एकच होता. मुंबईत राहत असताना त्यांनी मुरूड फंड काढला. पोटासाठी गावाबाहेर पडलेल्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीतून थोडासा वाटा नियमाने बाजूला काढावा आणि तो गावाच्या उपयोगी पडावा, अशी ती साधी योजना होती. तीत शिखर नाही, छायाचित्र नाही, धाडस नाही. दरमहा आठवण ठेवणे एवढेच तीत आहे, आणि ते आम्हांस किलिमांजारोहून कठीण वाटते. हिंगण्याच्या संस्थेचा भाऊबीज फंड हाही त्याच जातीचा. घरोघर जाऊन ओवाळणी मागणाऱ्या स्वयंसेविकांच्या कष्टास कोणी साहस म्हटले नाही, पण त्या ओवाळणीवर किती मुली शिकल्या!

“पण नुसते मागितले तर कोणी देत नाही,” असे विद्यार्थिनीने आम्हांस लिहिले आहे. काही कष्ट दाखविल्यावाचून लोकांच्या पिशव्या सुटत नाहीत, ही तक्रार खरी आहे. आम्ही स्वतः ग्रंथालयासाठी वर्गणी मागत फिरलो आहोत. परंतु कष्ट दाखवावयाचेच तर ते इतके महाग का असावेत? २०२० साली इंग्लंडातच टॉम मूर नावाच्या एका जुन्या लष्करी कप्तानाने, वयाच्या ९९ व्या वर्षी, चालण्याच्या चौकटीचा आधार घेऊन आपल्या घरच्या बागेत शंभर फेऱ्या मारण्याचा संकल्प सोडला. हजार पौंडांची त्याची अपेक्षा होती. जमले तीन कोटी पौंडांहून अधिक, आणि ते तेथील सरकारी आरोग्यसेवेच्या मदतसंस्थांस गेले. त्या चालण्यास विमान लागले नाही. (पुढे त्यांच्या नावे निघालेल्या निराळ्या संस्थेच्या व्यवहारात कुटुंबीयांचा खाजगी लाभ झाल्याचा ठपका तेथील धर्मादाय आयोगाने २०२४ साली ठेवला. हिशेबाचा प्रश्न थोरामोठ्यांच्या नावानेही टळत नाही, म्हणून हेही नमूद करतो.) आमच्या मुलीने तेच बारा मजल्यांचे जिने रोज चढून, चढलेल्या पायऱ्यांची संख्या आपल्या कचेरीतल्या लोकांस सांगून वर्गणी मागितली असती, तर आमची पहिली पावती फाडली गेली असती. जी तयारी ती विनामूल्य करीत आहे तीच वर्गणीस पात्र आहे. जिच्यासाठी तयारी चालली आहे ती मात्र नाही.

आता ज्या गोष्टीने आमचे मन सर्वांत अधिक अस्वस्थ झाले तिच्याकडे वळतो. किलिमांजारोवर चढणारा एकटा चढत नाही. त्याच्या पाठीवर दिवसापुरती पिशवी असते. तंबू, धान्य, भांडी, पाणी, बसावयाच्या खुर्च्यासुद्धा हमाल वाहून नेतात. एकेका चढणाऱ्यामागे तीन तीन, चार चार माणसे असतात. त्यांत पायथ्याशी राहणाऱ्या चागा लोकांचा भरणा पूर्वीपासून आहे. एका हमालाने वीस किलोंपेक्षा अधिक ओझे उचलू नये असा नियम करावा लागला, यावरूनच नियमापूर्वी काय होत असेल त्याची कल्पना यावी. १८८९ साली हान्स मेयर आणि लुडविग पुर्टशेलर हे दोघे प्रथम शिखरावर पोहोचले, हे कोणत्याही ग्रंथात सापडते. त्यांच्या मोहिमेचे ओझे कोणाच्या डोक्यावरून वर गेले, ते शोधावे लागते. यावर उत्तर येईल की, या लोकांस त्यातूनच मजुरी मिळते. अवश्य मिळते, आणि ती पुरेपूर मिळावी. पण मग त्यास मजुरी म्हणा, पर्यटनाचा धंदा म्हणा. त्यावर परोपकाराची झूल चढवू नका. आमच्या तालुक्यातून दरवर्षी मुकादमाची उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे कारखान्यांच्या मुलखात जातात, आणि तेथे नवरा ऊस तोडतो, बायको मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. त्या चढणीवर कोणी वर्गणी लावीत नाही. आमच्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी आयुष्यातील दोन-तीन हिवाळे असे घालविले आहेत. त्यांचे पाचशे रुपये, दुसऱ्याच्या डोक्यावर खुर्ची देऊन डोंगर चढण्याच्या कामी लागावेत, हे त्यांना कोणी नीट समजावून सांगितले असते तर ते काय म्हणाले असते?

एवढे लिहिल्यावर आमच्या बाजूचे म्हणून जे लोक उभे राहतील त्यांच्याशीही आम्हांस भांडणे भाग आहे. “इंग्रजांच्या पोरांना पैसा कशाला? आपल्या मराठवाड्यात पोरे काय कमी आजारी आहेत?” असे म्हणणारे दोन गृहस्थ आमचे अभिनंदन करावयास घरी येऊन गेले. त्यांचे अभिनंदन आम्ही परत करतो. आजारी मूल कोणत्या देशाचे आहे हे विचारून दिलेले औषध ते औषधच नव्हे. १९३८ साली सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस चार सहकारी डॉक्टरांबरोबर चीनला गेले आणि १९४२ साली तिकडेच वारले. सोलापुरात रोगी नव्हते म्हणून ते गेले नाहीत. शिवाय, या दोघां गृहस्थांपैकी एकाकडे आम्ही गेल्या वर्षी येथील ग्रामीण रुग्णालयात येणाऱ्या नातलगांस बसावयास चार बाकडी देण्याची गोष्ट काढली होती. ती बाकडी अजून आलेली नाहीत. दूरच्यास देऊ नका म्हणणारा माणूस जवळच्यास देत असतो, हा एक मोठाच गैरसमज आहे.

विद्यार्थिनीचे दुसरे पत्र परवा आले. ते पहिल्याएवढे लांब नाही. आमच्या कोरडेपणाबद्दल ती रागावली आहे आणि तिचा राग आम्ही निमूटपणे वाचून घेतला. तिचे म्हणणे असे की, हमालांचा विचार तिच्या मनात आलाच नव्हता, वडिलांच्या पाचशांचा तर नव्हताच, कारण त्यांनी ते तिला न विचारता भावाकडून पाठविले. स्वखर्चाचा मार्ग पत्करण्यास सफरवाल्यांकडे या महिन्याअखेरपर्यंत मुदत आहे, पण तो खर्च म्हणजे तिची चार महिन्यांची शिल्लक. आणि तेवढी शिल्लक गेली तर दिवाळीस घरी येणे राहील. काय करावे ते तिने अजून ठरविलेले नाही. जिने चढणे मात्र चालू आहे.