मातीच्या कार्डावरचा न छापलेला रकाना

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, लातूरच्या शिरूर अनंतपाळ तालुक्यातली गावे ओस पडतात. शिवारात कडब्याची कोप उभी राहते, आत पांडव मांडले जातात, भज्जी-आंबिलाचा नैवेद्य होतो आणि ज्वारी-हरभऱ्याच्या तासांतून आंबील शिंपडले जाते. काळ्या आईची ओटी भरण्याच्या या दिवशी तिच्या प्रकृतीचीही चौकशी व्हायला हवी.

मातीत पडलेली बहुतेक कीडनाशके कालांतराने विरतात. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक ही मूलद्रव्येच, ती संपत नाहीत. फक्त हलवता येतात किंवा जागीच जखडता येतात. हे काम झाडे आणि मुळाशी नांदणारे जिवाणू करतात. काही जिवाणू आम्ले स्रवून धातू मोकळा करतात, मूळ तो शोषते, पानांत साठवते. पीक कापून नेले की तेवढा धातू शेतातून गेला. मोहरी शिसे, कॅडमियम ओढते. चेर्नोबिलजवळच्या तळ्यात किरणोत्सारी द्रव्ये टिपायला सूर्यफूल लावले होते. सोयाबीनचे राज्य येण्याआधी लातूरचे शिवार पिवळे करणारे हेच पीक!

आपल्या राज्यात नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने याची वाट दाखवली. डॉ. आशा जुवारकर आणि सहकाऱ्यांनी गुमगावच्या मँगनीज खाणीच्या उजाड ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यांचा प्रेसमड, रायझोबियम, अझोटोबॅक्टर आणि मायकोरायझा बुरशी देऊन झाडे जगवली. यातले रायझोबियम आपल्या शेतकऱ्याच्या ओळखीचे. सोयाबीनचे रोप उपटायचे, मुळावरची गाठ नखाने फोडायची. आत गुलाबी दिसली की जिवाणू कामाला लागले.

उपाय धिमा आहे, वर्षानुवर्षे चालणारा. धातू भरलेला पाला दावणीला गेला तर सगळे मुसळ केरात. शिवाय आपली चुनखडीची चिकण काळी माती धातू घट्ट धरून ठेवते. त्यामुळे धातू पिकात कमी उतरतो, पण मातीतून उपसायलाही तितकाच अवघड.

शिरूरची जमीन विषारी झाली, असे आम्ही म्हणत नाही. पण झाली तर कळणार कशी? २०१५पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक तपासले जातात. त्यांत जस्त, तांबे आहे, शिसे-कॅडमियम नाही. स्फुरदाच्या खतांतून तर कॅडमियम अंशाअंशाने येतच असते. म्हणून जिथे सांडपाणी, राख किंवा कारखान्याचा गाळ शेतात जातो, तिथल्या मातीसाठी तरी हा रकाना वाढवावा. परभणीचे कृषी विद्यापीठ आणि त्याचे लातूरचे महाविद्यालय यांनी पुढच्या पेरणीआधी नमुने घ्यायला सुरुवात करावी, आणि शासनाने त्याचा खर्च उचलावा.