यंत्राने वाचविलेला वेळ कोणाचा?

दिनांक ३० नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील ओपनएआय ह्या संस्थेने ‘चॅटजीपीटी’ सर्वांस खुले केले आणि कचेरीतील कामाची भाषाच पालटली. टिपण, खर्डा, शेरा आणि स्वच्छ प्रत अशा चार पायऱ्यांनी जे काम पुरे होत असे, ते आता एका आज्ञेसरशी होते, असे सांगण्यात येते. मार्च २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या लेखनाच्या, हिशेबाच्या व पत्रव्यवहाराच्या कार्यक्रमांत ‘कोपायलट’ नावाचा सहायक बसविण्याची घोषणा केली. गूगलही त्याच वाटेने गेली. ह्या साधनांचे उत्साही पुरस्कर्ते आता आपल्या नगरांतही ठायी ठायी भेटतात. दहा तासांचे काम एका तासात, ही त्यांची घोषणा. आणि ‘उत्पादकता’ हा त्यांचा मंत्र.

ह्या यंत्राचे आम्ही स्वागत करतो, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. खर्डेघाशीत मानवी बुद्धीची जी नासाडी होते, तिचे गोडवे गाण्याचे काहीच कारण नाही. १९७९ साली डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन ह्या दोघा अमेरिकनांचा ‘व्हिजिकॅल्क’ हा कोष्टकांचा कार्यक्रम बाजारात आला, तेव्हा एक आकडा बदलला की सबंध तक्ता पुन्हा हाताने मांडण्याच्या शिक्षेतून हिशेबनीस सुटला. त्यामुळे हिशेबशास्त्र बुडाले नाही. १९८६ मध्ये दिल्लीत रेल्वेचे आरक्षण संगणकावर गेले आणि वेगवेगळ्या गाड्यांच्या वेगळ्या वह्या व वेगळ्या खिडक्या हा प्रकार हळूहळू देशभर मागे पडला. त्या जुन्या रांगांत ज्यांनी रात्री काढल्या आहेत, त्यांना यंत्राचे उपकार कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या बँकांत संगणक येऊ नये म्हणून कर्मचारी संघटनांनी दीर्घकाळ विरोध केला, हेही खरे. परंतु १९८३ मध्ये बँकांची व्यवस्थापने आणि संघटना ह्यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला, आणि संगणक सर्वत्र पसरला तो त्यानंतर. आधी बोलणे झाले, मग यंत्र आले. हा क्रम आज उलटा झाला आहे, आणि आमच्या चिंतेचे मूळ तेथे आहे.

उत्साही मंडळींचा दावा सर्वस्वी पोकळ आहे, असे मुळीच नाही. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील शकेड नॉय आणि व्हिटनी झांग ह्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सुशिक्षित नोकरदारांना लेखनाची कामे दिली होती. यंत्राची मदत घेणाऱ्यांना सुमारे ४० टक्के वेळ कमी लागला आणि लेखनाचा दर्जाही सुमारे १८ टक्क्यांनी उंचावला. एरिक ब्रिन्योल्फसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राहकांच्या तक्रारी सोडविणाऱ्या पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचे काम अभ्यासले. दर ताशी सुटणाऱ्या तक्रारींत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वाढ झाल्याचे त्यांना आढळले. ह्या वाढीतील सिंहाचा वाटा नवख्यांच्या पदरी पडला. मुरलेल्यांना लाभ झाला तो नाममात्र.

आता नाण्याची दुसरी बाजू. ‘मीटर’ ह्या अमेरिकन संस्थेने जुलै २०२५ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. आपापल्या प्रकल्पांत वर्षानुवर्षे काम केलेले १६ अनुभवी संगणककार आणि त्यांची २४६ कामे तिच्यात होती. यंत्रामुळे वेळ २४ टक्क्यांनी वाचेल, असा त्यांचा पूर्वअंदाज होता. काम संपल्यावर, तो २० टक्के वाचला, असे त्यांनी मनोभावे सांगितले. घड्याळाने मात्र साक्ष दिली, की त्यांना १९ टक्के वेळ अधिक लागला! माणसे मोजकी होती, साधने त्या वेळची होती. तेवढ्यावरून यंत्र निरुपयोगी ठरत नाही. परंतु ज्या कामात आपण मुरलेले आहोत, त्या कामातही वेग वाढल्याचा भास आणि वाढलेला वेग ह्यांत केवढे अंतर पडू शकते, हे त्यावरून दिसते. एका व्यवसायात जे जलद, ते दुसऱ्यात मंद ठरते. म्हणून दहा तासांचा एक तास करणाऱ्या सरसकट घोषणा मोजमापाखेरीज कोणी मान्य करू नयेत.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना हा अनुभव नवा नाही. संगणकयुग चोहीकडे दिसते, दिसत नाही ते केवळ उत्पादकतेच्या आकडेवारीत, अशा आशयाची चपराक नोबेल पारितोषिकाचे मानकरी रॉबर्ट सोलो ह्यांनी १९८७ मध्येच लगावली होती. पॉल डेव्हिड ह्यांनी १९९० मध्ये त्याची मीमांसा करताना विजेचा दाखला दिला. अमेरिकन कारखान्यांत वीज आली, तेव्हा मालकांनी वाफेचे एंजिन काढून त्या जागी विजेची मोटर बसविली. दांडे, पट्टे आणि कारखान्याची रचना मात्र जुनीच ठेविली. विजेचा खरा लाभ पदरात पडण्यास १९२० चे दशक उजाडावे लागले. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर मिळून सबंध कारखाना नव्याने मांडला गेला, तेव्हा तो मिळाला. आमच्या कचेऱ्यांत आज नेमके हेच चालले आहे. चार ओळींचा मजकूर एकजण यंत्राकरवी चार पाने फुगवितो, आणि ती चार पाने पाहून दुसरा त्याच यंत्राला चार ओळींचा सारांश मागतो. दोघांचेही काम ‘झटपट’ झाल्याची नोंद होते! निरर्थक अहवाल दुप्पट वेगाने लिहिला, म्हणून तो सार्थ ठरत नाही. जो अहवाल लिहिण्याचेच कारण नव्हते, तो बंद करणे ही खरी उत्पादकता.

याहून गंभीर प्रश्न जबाबदारीचा आहे. हे यंत्र अफाट मजकुरावर शिकलेले असते आणि पुढे कोणता शब्द संभवतो, ह्या अनुमानाने वाक्य जुळविते. वाक्य सुघटित असणे आणि विधान सत्य असणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत. न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीवरील दाव्यात वकिलांनी यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयापुढे ठेविले. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी त्यांना ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. दंड यंत्राला झाला नाही, सही करणाऱ्यांना झाला, हे ध्यानात घ्यावे. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण आखून, निर्णय घेण्याच्या कामी अशा साधनांचा वापर निषिद्ध ठरविला. केंद्रीय अर्थमंत्रालयाने त्याच वर्षी जानेवारीत सरकारी कागदपत्रांच्या गोपनीयतेस्तव कचेरीच्या संगणकांवर ही साधने वापरू नयेत, असे कर्मचाऱ्यांना बजाविले होते. ह्या सावधगिरीला कोणी मागासलेपणा म्हणू नये. ज्याला गुप्त ठेवण्याचे बंधन आहे, तो परक्याच्या हाती कागद देत नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

आणि आता मुख्य प्रश्न. खरोखर जो वेळ वाचेल, तो कोणाच्या खाती जमा व्हायचा? सायंकाळी सहा वाजता कर्मचारी घरी गेला, तर तो वेळ त्याचा. त्याच्या टेबलावर दुप्पट कागद आले, तर तो मालकाचा. दोघांपैकी एकाची खुर्चीच उचलली गेली, तर तो वेळ नव्हे, ती बेकारी. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे १२ हजार, म्हणजे मनुष्यबळाच्या सुमारे २ टक्के, नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. त्याचे कारण यंत्र नसून कौशल्याचा मेळ न बसणे हे आहे, असा खुलासा कंपनीच्या प्रमुखांनी केला. तो आम्ही जसाच्या तसा स्वीकारतो. तरी पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांतून त्या बातमीने जी धास्ती पसरली, तिला उत्तर देण्यास तेवढा खुलासा पुरेसा नाही.

येथे एक विसंगती आम्हास विशेष खुपते. पाहणी सांगते, की ह्या यंत्राचा सर्वाधिक उपयोग नवख्याला होतो; पण नवख्याचे काम यंत्र करील, तेव्हा नवखा नकोच, असा हिशेब कित्येक व्यवस्थापक मांडू लागले आहेत. आजचा मुरलेला अधिकारी काल खर्डे लिहूनच मुरला. वरिष्ठाने लाल शाईने खोडलेल्या प्रत्येक ओळीत त्याचे शिक्षण होते. उमेदवारीची ही पायरीच काढून टाकली, तर दहा वर्षांनी यंत्राची चूक ओळखणारा डोळा आणणार कोठून? बियाणे दळून खाणाऱ्या शेतकऱ्याला पुढच्या वर्षीच्या पिकाचा विचार सुचत नसतो. आमच्या उद्योगांनी त्याचा कित्ता गिरवू नये.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. यंत्राकरवी झालेल्या प्रत्येक निर्णयपत्राखाली जबाबदार माणसाची सही असावी, आणि चुकीचा दोष त्याला यंत्रावर ढकलता येऊ नये. साधन विकत घेण्यापूर्वी आणि नंतर कामाचे मोजमाप व्हावे. ‘वाटते’ हा पुरावा मानू नये. उमेदवारांची भरती गोठवू नये, उलट त्यांना हे साधन आणि त्याचे दोष दोन्ही शिकवावेत. आणि १९८३ च्या करारात जे शहाणपण दिसले, ते आजही दाखवावे: वाचलेल्या वेळाची वाटणी कशी व्हायची, हे व्यवस्थापक आणि कर्मचाऱ्यांनी समोरासमोर बसून, लेखी ठरवावे. माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात संघटना दुबळ्या आहेत, म्हणून शासनाने ह्या कामी पुढाकार घेणे अगत्याचे आहे.

यंत्र उत्तम चाकर आहे, ह्यात आम्हास शंका नाही. परंतु चाकराच्या श्रमाचे फळ घरातील एकानेच खावे आणि बाकीच्यांनी चाकराचेच भय बाळगावे, हा कोणत्या घरचा न्याय? त्याचे उत्तर यंत्राला विचारून मिळणार नाही. ते आपण, आणि आपण निवडून दिलेल्यांनी, द्यावयाचे आहे.