गाळ गेला कुठे?

शनिवार सकाळ, बॉसचा फोन नाही, डेडलाइन नाही आणि प्लॅन मोरा बंदराचा! उरणला जायला २०२४ पासून अटल सेतू आहे, लोकलही आहे. पण भाऊच्या धक्क्यावरून लाँचने जायची मजा वेगळीच. सातला निघायचं, साधारण तासाभरात मोरा. निदान माझा तरी तसा समज होता.

धक्क्यावर कळलं, ‘ओहोटी आहे, लाँच बंद.’ आदल्याच दिवशी पौर्णिमा झालेली. उधाणाच्या दिवसांत भरती जितकी चढते, तितकीच ओहोटी खाली जाते. त्यात मोरा बंदरात गाळ एवढा, की लाँच धक्क्याला लागूच शकत नाही. बसा आता पाण्याची वाट बघत!

“हा गाळ काढत का नाहीत?” मी चिडून म्हटलं. शेजारी मासळीची रिकामी टोपली घेऊन बसलेल्या मावशी हसल्या. “काढतात गो. पण काढलेला गाळ टाकतात कुठं, ते विचार ना.”

मास कॉम करताना ‘पाच डब्ल्यू’ घोकले होते. त्यातला ‘कुठे’ मला सुचलाच नव्हता.

घरी येऊन नियम वाचले. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत बंदरं आणि ड्रेजिंग दोन्ही येतात. पण २००९ च्या दुरुस्तीत एक मेख आहे. नव्याने खोली वाढवणं म्हणजे ‘कॅपिटल ड्रेजिंग’, त्याला मंजुरी हवी. साचलेला गाळ पुन्हा पुन्हा काढणं म्हणजे ‘मेन्टेनन्स ड्रेजिंग’. ते मूळ प्रस्तावात असेल आणि त्याला मंजुरी मिळालेली असेल, तर दरवेळी नव्या मंजुरीची गरज नाही. सोसायटीच्या मेन्टेनन्ससारखं, एकदा ठरलं की चालू!

माशांना मात्र हा फरक कळत नाही. गाळ कुठल्याही नावाने टाका, पाणी गढूळ होतं, तळाच्या शिंपल्या गाडल्या जातात आणि चिखलात दबलेली जुनी रसायनं पुन्हा पाण्यात येऊ शकतात. वीस वर्षांपूर्वीच्या प्रस्तावातला समुद्र आज तसाच असेल, असं थोडंच आहे?

हा घोळ फक्त आपल्याकडेच नाही. ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये ग्रेट बॅरियर रीफच्या संरक्षित पाण्यात ३० लाख घनमीटर गाळ टाकायला परवानगी मिळाली, तेव्हा जगभर ओरड झाली. २०१५ मध्ये बंदी आली, पण फक्त कॅपिटल ड्रेजिंगच्या गाळावर. २०१९ मध्ये ‘मेन्टेनन्स’ म्हणून १० लाख टनांपर्यंत गाळ तिथेच टाकायला परवानगी मिळाली!

आणि समुद्रात केलेल्या कामाची किंमत कोण मोजतं, हे उरणकरांना शिकवायची गरज नाही. बंदराच्या भरावामुळे भरतीचं पाणी अडलं, होड्यांची वाट बंद झाली, म्हणून उरण कोळीवाडा, गव्हाण अशा गावांतले मच्छीमार हरित लवादात गेले. २०१५ मध्ये लवादाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. पण हा हिशोब नुकसान झाल्यावरचा. मूल्यांकन असतं ते आधी विचारण्यासाठी.

गाळ काढू नका, असं मी म्हणणार नाही. मलाही लाँच वेळेवर हवीच आहे, आणि रोज ये-जा करणाऱ्यांना तर माझ्यापेक्षा जास्त. मागणं एवढंच, की दर काही वर्षांनी गाळ नव्याने तपासा, माशांच्या विणीचे महिने सोडा आणि कुठे, किती टाकला ते धक्क्यावर फळ्यावर लिहा. ते वाचून तो गाळ कुठे वाहत जाणार, हे मावशींच्या घरचेच सांगतील.

साडेनऊला लाँच सुटली. मावशींनी मला खिडकीजवळची जागा दिली आणि सल्लाही, “पुढच्या टायमाला भरती बघून ये!”